संचालकाने शेअर विकले, म्हणून आपणही विकायचे का?

नोकरी हिंजवडीत आणि घर सोलापुरात अक्कलकोट रोडला, अशा एका तरुणाचा प्रश्न आलाय. थोडक्यात असा: त्याच्याकडे एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीचे ६०० शेअर आहेत, सरासरी ७४० रुपयांनी घेतलेले. भाव सध्या ९०० च्या आसपास. गेल्या दोन महिन्यांत कंपनीतल्या आतल्या माणसांचे तीन व्यवहार बीएसईच्या (मुंबई शेअर बाजाराच्या) संकेतस्थळावर आले. एका पूर्णवेळ संचालकाने ६४ लाख ८० हजारांचे शेअर विकले. प्रवर्तकाच्या (प्रमोटरच्या) पत्नीच्या खात्यातून चार लाख शेअर गेले. आणि सीएफओने, म्हणजे कंपनीच्या वित्तप्रमुखाने, दीड हजार शेअर घेतले. वडिलांचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. ते म्हणतात, "मालकच माल विकून मोकळा व्हायलाय, तू काय धरून बसलास?" सोबत त्याने मागच्या दोन तिमाहींचा शेअरहोल्डिंग पॅटर्न, म्हणजे कुणाकडे किती टक्के शेअर आहेत तो तक्ता, जोडलाय.

तुमच्या वडिलांचं वाक्य वाचून हसू आलं, कारण नवी पेठेतल्या माझ्या टेबलासमोर बसून हेच वाक्य तीस वर्षांत शेकडो जणांनी मला ऐकवलंय. वाक्य खोटं नाही, फक्त चुकीच्या मालाला लावलंय. कारखानदार रोज टॉवेलच्या गाठी विकतो तेव्हा चाटी गल्लीत कोणी म्हणत नाही की याचा धंदा बसला. कारखान्यातले माग भंगाराच्या भावात निघायला लागले की म्हणतात. सॉफ्टवेअर कंपनीच्या संचालकाच्या हातातले शेअर पुष्कळदा टॉवेल असतात, माग नसतात. ते त्याला पगार म्हणून मिळालेत, आणि पगार माणूस खर्च करणारच.

त्यामुळे विकले की घेतले, इथून सुरुवातच करू नका. पैसा कुणाच्या खिशातून निघाला आणि कुठे गेला, ते आधी बघा. तुमच्या तिन्ही नोंदी याच चाळणीतून काढू. शिवाय तुम्ही स्वतः जोडलेल्या कागदात चौथी एक गोष्ट आहे, ती तुम्ही विचारलीच नाहीत. माझं लक्ष तिथेच अडकलं. पण तिकडे नंतर.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. 'इनसायडर ट्रेडिंग' म्हटलं की लोकांना लगेच बेड्या दिसतात. आतल्या माणसाने स्वतःच्या कंपनीचे शेअर घेणं-विकणं हा गुन्हा नाही. भाव हलवू शकेल अशी जाहीर न झालेली माहिती हातात असताना घेणं-विकणं हा गुन्हा आहे. सेबीचे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचे, याबाबतचे सध्याचे नियम २०१५ चे, त्याआधीचे १९९२ चे. प्रवर्तक, संचालक आणि कंपनीने ठरवून दिलेले कर्मचारी यांची एका तिमाहीतली उलाढाल १० लाख रुपयांच्या वर गेली, की त्यांनी बाजाराच्या दोन दिवसांत कंपनीला कळवायचं आणि कंपनीने पुढच्या दोन दिवसांत शेअर बाजाराला. मध्ये शनिवार-रविवार आला तर तुमच्यापर्यंत पोचते ती बातमी जवळपास आठवडाभर शिळी असते. तरी ती फुकट आहे, सहीची आहे आणि चहाच्या टपरीवरच्या टिपेपेक्षा हजारपट बरी आहे.

ही माहिती फॉर्म सी नावाच्या तक्त्यात येते. व्यवहाराआधी किती शेअर होते, किती घेतले किंवा विकले, नंतर किती राहिले, तारीख कोणती, आणि उजवीकडे टोकाला व्यवहाराचा प्रकार: मार्केट परचेस, मार्केट सेल, ऑफ मार्केट (बाजाराबाहेरचा), इंटर-से ट्रान्सफर (प्रवर्तक गटातल्या गटात), इसॉप (कर्मचाऱ्यांना स्वस्तात शेअर देण्याची योजना), प्लेज (गहाण) वगैरे. मोबाइलवर उघडलं तर हा रकाना स्क्रीनच्या बाहेर जातो, बोटाने सरकवल्याशिवाय दिसत नाही. बहुतेकांचा घात तिथेच होतो. 'अमुक संचालकाने विकले' एवढं वाचून ते पुढचा फोन मला करतात.

आता तुमची पहिली नोंद. संचालकाने ७,२०० शेअर ९०० रुपयांनी विकले, म्हणजे ६४ लाख ८० हजार. आकडा मोठा वाटतो. पण त्याच माणसाची तीन आठवडे आधीची नोंद तुम्ही पाहिली नाहीत, मी काढली. त्याने इसॉपखाली २०,००० शेअर घेतलेत, दोन रुपयांना एक. बाजारात ९०० चा शेअर दोन रुपयांत मिळाला, तर मधला ८९८ रुपयांचा फरक आयकर खातं पगारच मानतं. २०,००० गुणिले ८९८ म्हणजे १ कोटी ७९ लाख ६० हजार. शेअर अजून विकलेला नाही, हातात एक पैसा आलेला नाही, आणि या 'पगारा'वर सरचार्ज-सेस धरून ३६ टक्क्यांच्या आसपास कर लागलाय. म्हणजे साडेचौसष्ट लाखांच्या पुढे. आता विक्रीचा आकडा परत बघा. गृहस्थाने कराची रक्कम उभी करण्यापुरते शेअर काढले, एवढंच झालंय. आधी त्याच्याकडे १,१०,००० शेअर होते, आता १,२२,८०० आहेत. ज्या महिन्यात 'संचालक विकून बाहेर पडला' अशी बोंब उठली, त्याच महिन्यात त्याचा साठा वाढलाय.

विक्रीची तारीखही लोकांना उगाच घाबरवते. निकाल लागल्यावर दोन-चार दिवसांत आतल्या माणसांच्या विक्रीच्या नोंदी धडाधड येतात आणि लोक म्हणतात, निकालात कुठेतरी पाणी मुरत असणार. खरं कारण कॅलेंडरमध्ये आहे. तिमाही संपली की या लोकांची ट्रेडिंग विंडो, म्हणजे शेअर घेण्या-विकण्याची मुभा, बंद होते आणि निकाल जाहीर झाल्यावर ४८ तासांनी उघडते. दार बंद असताना अडलेली सगळी माणसं दार उघडल्यावर एकदम बाहेर पडणारच. इसॉप घेणं मात्र विंडो बंद असतानाही चालतं, विकणं चालत नाही. त्यामुळे बंद काळातल्या 'खरेदी'च्या नोंदी बघून हुरळूनही जाऊ नका, त्या बहुधा इसॉपच्या असतात. हे मला सांगायला सोपं जातंय, कारण सुरुवातीच्या काळात मी स्वतः इसॉपच्या नोंदी खरेदी म्हणून वहीत मोजल्या होत्या आणि गिऱ्हाइकांना मोठ्या ऐटीत सांगितल्या होत्या.

परदेशातही हेच. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये स्वतःकडचे जवळपास निम्मे शेअर विकले, सुमारे २८.५ कोटी डॉलरचे. ऐकून धडकी भरावी असाच आकडा. पण ते राहतात त्या वॉशिंग्टन राज्यात १ जानेवारी २०२२ पासून मोठ्या भांडवली नफ्यावर ७ टक्के कर सुरू होणार होता, आणि वर्तमानपत्रांनी लगेच त्यावर बोट ठेवलं. २०२२ मध्ये तो शेअर घसरला खरा, पण तेव्हा अमेरिकेतला अख्खा नॅस्डॅक बाजार घसरत होता. २०२४ मध्ये तोच ४०० डॉलरच्या वर होता. नाडेलांनी विकले म्हणून ज्याने विकले, त्याने नाडेलांचा कर स्वतः भरल्यासारखं झालं.

याच्या उलटं उदाहरणही सॉफ्टवेअरमधलंच आहे, नाहीतर तुम्ही म्हणाल की हा माणूस विक्री म्हणजे काहीच नाही असं सांगतोय. ओरॅकलचे तेव्हाचे प्रमुख लॅरी एलिसन यांनी जानेवारी २००१ मध्ये सुमारे ९० कोटी डॉलरचे शेअर विकले. १ मार्चला कंपनीने जाहीर केलं की या तिमाहीचे आकडे अपेक्षेपेक्षा कमी येतील, आणि दुसऱ्या दिवशी शेअर २० टक्क्यांहून जास्त पडला. भागधारक कोर्टात गेले. एलिसन यांची बाजू अशी की ऑप्शनची (ठरलेल्या भावाने शेअर घेण्याच्या हक्काची) मुदत संपत आली होती आणि त्यांनी विकलेला हिस्सा एकूण मालकीच्या मानाने किरकोळ होता. २००५ मध्ये चूक मान्य न करता त्यांनी १० कोटी डॉलर धर्मादाय कामाला देऊन प्रकरण मिटवलं. त्यांना आधी माहीत होतं की नव्हतं, या वादात मी पडत नाही. माझ्या कामाचा मुद्दा वेगळाच: ही विक्री त्यांच्या नेहमीच्या चालीबाहेरची होती. बरीच वर्षं हात न लावणारा माणूस एकदम एवढे काढतो, तेव्हा कान टवकारायचे.

याच धाग्यावर अमेरिकेत एक छान अभ्यास झालाय. कोहेन, मॅलॉय आणि पोमोर्स्की या तिघांनी २०१२ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांनी आतल्या माणसांचे दोन गट पाडले. एक, दरवर्षी ठरलेल्या महिन्यात व्यवहार करणारे. दुसरे, सवयीबाहेर अचानक करणारे. पहिल्या गटाच्या व्यवहारांवरून पुढच्या भावाबद्दल काहीही कळत नव्हतं. दुसऱ्या गटाच्या मागे जाणाऱ्याला बाजारापेक्षा महिन्याला सुमारे ०.८२ टक्के जास्त मिळाले असते. आकडा अमेरिकेचा आहे, आपल्याकडे जसाच्या तसा लावू नका. पण पद्धत लावा. तुमच्या कंपनीच्या त्या संचालकाच्या मागच्या तीन-चार वर्षांच्या नोंदी एका कागदावर महिन्यानुसार लिहा. मी लिहिल्या. दरवर्षी पावसाळ्यात इसॉप, मग विक्री. गड्ड्याच्या जत्रेइतकं ठरलेलं.

दुसरी नोंद, प्रवर्तकाच्या पत्नीची. चार लाख शेअर, म्हणजे ३६ कोटींचा ऐवज. प्रकार: ऑफ मार्केट, इंटर-से. घेणारा: कुटुंबाचा ट्रस्ट. म्हणजे शेअर बाजारात आलेच नाहीत, एका कपाटातून दुसऱ्या कपाटात गेले. वारसाहक्काची सोय म्हणून हल्ली बरीच कुटुंबं असे ट्रस्ट करतात. आपल्याच अमळनेरला १९४५ मध्ये वनस्पती तेलाच्या कारखान्यापासून सुरू झालेल्या विप्रोचं बघा. अझीम प्रेमजींनी मार्च २०१९ मध्ये ३४ टक्के शेअरचा आर्थिक लाभ धर्मादाय कामाला देऊन टाकला, त्या वेळच्या भावाने ५२,७५० कोटी रुपयांचा. अशा घटनेचा अर्थ कुणी 'प्रवर्तक बाहेर पडला' असा लावला तर त्याला काय म्हणायचं? तुमच्या बाबतीत तपासायचं ते एवढंच, की पुढच्या शेअरहोल्डिंग पॅटर्नमध्ये तो ट्रस्ट प्रवर्तक गटात दिसतो का आणि गटाची एकूण टक्केवारी तेवढीच राहते का. तुम्ही जोडलेल्या कागदात दोन्ही तिमाहींना ती ३८ टक्केच आहे. हा विषय इथे संपला. म्हणजे जवळपास संपला, ट्रस्टचं नाव थोडं लक्षात ठेवा.

प्रवर्तक या शब्दाबद्दल एक सांगायला हवं. सॉफ्टवेअरमध्ये प्रवर्तक म्हणजे दरवेळी कंपनी उभी करणारा मालक नसतो. कधी तो खाजगी गुंतवणूक फंड असतो. फंडाला ठरलेल्या वर्षांनी आपल्या गुंतवणूकदारांचे पैसे परत द्यायचे असतात, त्यामुळे तो विकतोच. कोफोर्जमध्ये, म्हणजे पूर्वीच्या एनआयआयटी टेक्नॉलॉजीजमध्ये, बॅरिंगच्या फंडाने २०१९ मध्ये प्रवेश केला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये उरलेला २६.६३ टक्के हिस्सा एका झटक्यात विकला. कंपनीला प्रवर्तकच उरला नाही. माझ्याकडच्या दोन गिऱ्हाइकांनी त्याच आठवड्यात घाबरून शेअर विकून टाकला. पुढच्या दीड वर्षात तो शेअर बराच वर गेला, आणि त्या दोघांपैकी एक अजून माझ्याशी नीट बोलत नाही, जणू मीच विकायला लावलं होतं. इन्फोसिससारख्या कंपनीत संस्थापकांकडे मिळून १३-१४ टक्के, आणि कंपनी चालवणारी माणसं वेगळी. तिथे 'प्रवर्तक' या शीर्षकाखाली डोकावून काही मिळत नाही. अशा ठिकाणी एमडी (व्यवस्थापकीय संचालक), सीएफओ, विभागप्रमुख यांच्या नोंदी वाचायच्या.

आता तिसरी नोंद, सीएफओची. ही मला खरी आवडली. दीड हजार शेअर, ९०० रुपयांनी, साडेतेरा लाख. प्रकार: मार्केट परचेस. म्हणजे इसॉप नाही, भेट नाही, कराची भानगड नाही. माणसाने स्वतःच्या बँक खात्यातून पैसे काढून, तुम्ही-मी घेतो त्याच भावाने शेअर घेतला. सॉफ्टवेअर कंपनीत हे दुर्मीळ असतं. कारण साधं आहे. ज्याला कंपनी दरवर्षी दोन रुपयांना शेअर देते, तो ९०० ला कशाला घेईल? शिवाय नियमाने तो अडकतो. खरेदीनंतर सहा महिने त्याला उलटा व्यवहार करता येत नाही, म्हणजे विकता येत नाही. विकलाच तर नफा सेबीच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत जमा होतो. घेण्याआधी अनुपालन अधिकाऱ्याकडून मंजुरी घ्यावी लागते, मंजुरी बाजाराचे सात दिवसच टिकते. एवढे सोपस्कार करून जो घेतो, त्याला निदान सहा महिने तरी कंपनीत मोठा खड्डा दिसत नसावा, एवढं म्हणता येतं.

आणि सीएफओ का? कारण एमडी हा स्वभावाने आशावादी असतो, तसा नसता तर एमडी झालाच नसता. सीएफओ येणी बघतो. कोणत्या ग्राहकाचं बिल नव्वद दिवस झाले तरी अडकलंय, कोणत्या मोठ्या ग्राहकाने नूतनीकरणाच्या वेळी दर पाडून मागितला, बेंचवर, म्हणजे कामाविना, किती पोरं बसलीत, हे त्याच्या टेबलावर आधी येतं. कारखान्यात मालक ऑर्डरच्या गप्पा मारतो आणि मुनीमजी उधारीची वही बघून गप्प बसतात, तसंच.

पण थांबा, उड्या मारू नका. त्याचा पगार बघा. सूचिबद्ध कंपनीच्या वार्षिक अहवालात वरिष्ठ अधिकाऱ्यांचा मोबदला दिलेला असतो. तुमच्या कंपनीच्या सीएफओला वर्षाला १ कोटी ८० लाख मिळतात. साडेतेरा लाख म्हणजे त्याचा महिन्याचाही पगार नाही. १० लाखांची मर्यादा जेमतेम ओलांडून नोंद दिसावी एवढीच ही खरेदी आहे, असंही एखादा खवचट म्हणेल, आणि मी त्याला पूर्ण खोडून काढू शकणार नाही. भाव पडलेला असताना तीन-चार वेगवेगळी माणसं, एकमेकांचे नातेवाईक नसलेली, वर्षाच्या पगाराच्या तोडीची रक्कम घालून बाजारातून घेतात, तेव्हा मी वही उघडतो. एकट्या सीएफओच्या साडेतेरा लाखांवर मी तुमचे आणखी ६०० शेअर वाढवा म्हणणार नाही. ही नोंद वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवण्याइतकी चांगली, एवढंच.

बायबॅकमध्ये, म्हणजे कंपनी स्वतःचेच शेअर परत विकत घेते तेव्हा, प्रवर्तक भाग घेतो का, यावरूनही लोक अर्थ काढतात. इन्फोसिसने २०२५ मध्ये १,८०० रुपयांनी १८,००० कोटींचा बायबॅक जाहीर केला आणि प्रवर्तकांनी आपण शेअर देणार नाही असं कळवलं. पेपरात 'विश्वास' वगैरे शब्द आले. विश्वास असेलही. पण १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या तेव्हाच्या नियमाने बायबॅकचे पैसे लाभांशासारखे हातात करपात्र होते, आणि वरच्या स्लॅबमधल्या माणसाला ते परवडत नव्हतं, हेही आहेच.

आता तुमच्या कागदातली चौथी गोष्ट. शेअरहोल्डिंग पॅटर्नमध्ये प्रवर्तकांच्या ओळीच्या उजव्या बाजूला गहाण किंवा अन्य बोजा असलेल्या शेअरचा रकाना असतो. मागच्या तिमाहीत तिथे शून्य होतं. या तिमाहीत प्रवर्तकांच्या शेअरपैकी ११ टक्के गहाण दिसतायत. तिन्ही नोंदींमध्ये विक्री कुठे झाली ते तुम्ही शोधत होतात, आणि ज्याने विकले नाहीत, त्याने गहाण टाकलेत.

याची गोष्ट सांगतो, माझ्याच फजितीची. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचा प्रवर्तक दर महिन्याला बाजारातून शेअर घेत होता. प्रकार स्वच्छ: मार्केट परचेस. टक्केवारी सरकत ४१ वरून ४४ वर गेली. मला वाटलं, घबाड सापडलं. मी घेतले, मेहुण्यालाही घ्यायला लावले. एक रकाना मी पाहिला नव्हता. तो माणूस आधीचे शेअर गहाण ठेवून त्या कर्जातून नवे घेत होता, भाव वर राहावा म्हणून. भाव वर राहिला तर कर्ज टिकतं, कर्ज टिकलं तर भाव राहतो. एका तिमाहीत मोठा ग्राहक गेला, भाव पंचवीस टक्के पडला, सावकाराने जादा तारण मागितलं, ते मिळालं नाही आणि त्याने गहाणातले शेअर बाजारात ओतले. चार दिवस खालचं सर्किट, म्हणजे भाव रोज दिवसाच्या तळमर्यादेला अडकलेला. विकायला गेलो तर घेणारा नाही. माझे दोन लाख ऐंशी हजार गेले. मेहुण्याचे किती गेले ते तो दर दसऱ्याला सोनं देताना न चुकता सांगतो.

मोठ्या पातळीवर हेच सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीत झालं. लोकांना ७ जानेवारी २००९ चं तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांचं पत्र आठवतं, ताळेबंदात ५,०४० कोटींची नसलेली रोकड दाखवल्याची कबुली देणारं. पण त्याच्या आधीच्या आठवड्यांत, राजू कुटुंबाच्याच मेटास कंपन्या सत्यमने घेण्याचा सौदा डिसेंबर २००८ मध्ये फिसकटल्यावर, प्रवर्तकांचे शेअर गहाण असल्याचं आणि सावकार ते विकत असल्याचं बाहेर यायला लागलं होतं. तोवर गहाणाची माहिती जाहीर करणं बंधनकारकच नव्हतं. जानेवारी २००९ मध्ये सेबीने ते बंधनकारक केलं. आज तुम्ही जो ११ टक्क्यांचा आकडा घरबसल्या बघताय, तो सत्यमच्या भागधारकांच्या पैशांतून आलेला आहे.

म्हणजे तुमची कंपनी सत्यम आहे का? छे. ११ टक्के हा आकडा घाबरण्याचा नाही. प्रवर्तकांच्या हिश्श्याच्या निम्म्यावर किंवा एकूण भांडवलाच्या २० टक्क्यांवर गहाण गेलं तर सेबी वेगळं, सविस्तर कारण मागते. तुम्ही त्याच्या बरेच खाली आहात. पण यंत्रमागाच्या धंद्यात कर्ज हे धंद्याचं अंग असतं, सूत, माग, साइझिंग सगळ्याला पैसा लागतो. सॉफ्टवेअर सेवा कंपनीला कसला माग घ्यायचाय? तिच्याकडे सहसा रोकड पडून असते. मग प्रवर्तकाला व्यक्तिगत कर्ज कशाला लागलं? पुण्यात जमीन घेतली, दुसऱ्या धंद्यात पैसा घातला, की घरातलं काही? शून्यावरून अकरा हा बदल मला त्या ६४ लाखांच्या विक्रीपेक्षा पन्नासपट महत्त्वाचा वाटतो.

आतल्या माणसांकडून किती अपेक्षा ठेवायची, याचाही अंदाज हवा. सॉफ्टवेअर सेवा कंपनीतल्या माणसाला स्वतःचे ग्राहक कळतात, दोन-तीन तिमाहींपुरते. काळ कळत नाही. २००० साली डीएसक्यू, सिल्व्हरलाइन, पेंटाफोर या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या भावात सगळा गाव नाचत होता, तेव्हा बऱ्याच चांगल्या कंपन्यांतली आतली माणसंही आपलेच शेअर छातीशी धरून खाली आली. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-वन-बी (नोकरीच्या व्हिसाच्या) अर्जावर एक लाख डॉलर शुल्क लावलं, ते कुठल्या सीएफओला आधी कळलं होतं? एआयमुळे पुढच्या पाच वर्षांत टेस्टिंगची किती कामं उरतील, हे कंपनीच्या गाभाऱ्यात बसलेल्यालाही तुमच्याइतकंच माहीत आहे. त्या प्रश्नांची उत्तरं फॉर्म सीमध्ये शोधू नका.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो, कारण तुम्ही जाता जाता लिहिलंय की 'कंपनीतला एक मित्र म्हणतो, मोठी ऑर्डर येतेय'. शनिवारी पुण्याहून येणाऱ्या हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये एका डब्यात पाच-सहा आयटी कंपन्यांची पोरं असतात, आणि दौंड ते कुर्डुवाडी एवढ्या वेळात अर्ध्या हिंजवडीच्या सौद्यांची चर्चा होते. ऐकलंत तर ऐकलंत. पण कंपनीत काम करणाऱ्या माणसाने सांगितलेली, जाहीर न झालेली ऑर्डर ऐकून तुम्ही शेअर घेतलात, तर कायद्याच्या नजरेत तुम्हीही इनसायडर होता. दंड किमान १० लाख, कमाल २५ कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट यांत जे जास्त असेल ते, आणि फौजदारी खटल्यात दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सांगणारा मित्रही सुटत नाही. ६०० शेअरसाठी ही झळ कशाला? ऑर्डर खरी असेल तर कंपनी जाहीर करेलच, मग घ्या, पाच टक्के महाग मिळाला तरी.

घे-विक मी सांगणार नाही, तो परवाना माझ्याकडे नाही आणि तुमचा घरखर्चही मला माहीत नाही. काय करायचं ते सांगतो. गहाणाची स्वतंत्र नोंद सेबीच्या टेकओव्हर (कंपनी ताब्यात घेण्याच्या) नियमांतल्या ३१ व्या नियमाखाली कामकाजाच्या सात दिवसांत बाजाराला द्यावी लागते. बीएसईच्या संकेतस्थळावर ती काढा. त्यात कुणाच्या नावावरचे शेअर, किती, कुणाकडे आणि कोणत्या कारणासाठी, हे लिहिलेलं असतं. कर्ज देणारी बँक आहे की आडवळणाची एखादी फायनान्स कंपनी, ते बघा. आणि गहाण टाकणाऱ्याच्या जागी त्या कुटुंबाच्या ट्रस्टचं नाव निघतंय का, तेही बघा. चार लाख शेअर ट्रस्टमध्ये गेल्याची तारीख आणि गहाणाची तारीख शेजारी शेजारी ठेवा.

तो कागद मिळाला की प्रिंट काढा आणि वडिलांना घेऊन दुकानात या. शनिवारी दुपारी दोननंतर मी असतो. गल्लीतल्या एखाद्या कारखानदाराने पहिल्यांदाच माग गहाण टाकले की सूतवाला त्याला उधारी देण्याआधी काय काय विचारतो, हे मला त्यांच्याकडूनच ऐकायचंय.